फुकटच्या पिल्लाचा पहिल्या वर्षाचा हिशेब

राईस मिलच्या आवारातून, बसस्थानकामागून किंवा एखाद्या धाब्यावरून मुलांनी पिल्लू उचलून आणलंय. मुलं ऐकायला तयार नाहीत, आजी म्हणते उंबऱ्याच्या आत नको, आणि निर्णय तुमच्यावर येऊन पडलाय. तर आधी आकडा ऐका. गोंदिया जिल्ह्यात रस्त्यावरचं पिल्लू नीट सांभाळायचं तर पहिल्या वर्षी साधारण २० ते ३८ हजार रुपये लागतात. यातले निम्म्याहून जास्त खाण्यावर जातात; बाकीचे लसी, जंताचं औषध, गोचीड आणि नसबंदीवर. पिल्लू आजारी निघालं तर वर आणखी पाच-दहा हजार धरा. इथे दिलेले दर खासगी दवाखान्यांतले अंदाजे आहेत. गोंदिया शहर आणि देवरी-सालेकसा यांत फरक पडेल, म्हणून दर विचारल्याशिवाय सुई टोचू देऊ नका.

आकडा झेपणारा नसेल तर आजच नाही म्हणा. दोन महिने घरचं खाऊन सवयीचं झालेलं पिल्लू पुन्हा रस्त्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड अजूनही १० ते ५० रुपयेच आहे, हे वाचून निश्चिंत होऊ नका. असं पिल्लू बाहेर फार दिवस टिकत नाही.

पिल्लू खरंच बेवारस आहे का?

घाईने उचललेली बरीच पिल्लं बेवारस नसतात. आई अन्न शोधायला गेलेली असते. दोन-तीन तास लांबून पाहा, जवळ उभे राहू नका. माणूस दिसला की ती येत नाही. आई परत आली तर पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं होईपर्यंत तिच्याजवळच राहू द्या आणि जमल्यास आईला खायला घाला. यात तुमचेही पैसे वाचतात. आईच्या दुधावरचं पिल्लू कमी आजारी पडतं.

वय दातांवरून आणि डोळ्यांवरून कळतं. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. दात नसतील तर ते स्वतः खाऊ शकत नाही. त्याला पिल्लांसाठीची दूध पावडर दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावी लागते आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसून शी-शू करवावी लागते. नोकरी करणाऱ्या घराला हे सहसा झेपत नाही. दात आलेलं, भात चाटणारं पिल्लू घ्या.

गळ्यात पट्टा असेल किंवा पिल्लू जातीचं दिसत असेल तर आधी मालक शोधा. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाका, जवळच्या पशुवैद्यकाला विचारा. तो फोटो आणि तारीख जपून ठेवा, पुढे कुणी हक्क सांगत आलं तर उपयोगी पडतील.

‘मोफत लॅब्राडोर पिल्लू, फक्त गाडीभाडं पाठवा’ असा निरोप मोबाईलवर आला तर एक रुपयाही पाठवू नका. पिल्लू समोर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि दत्तक म्हणून मिळणाऱ्या पिल्लाची किंमत तर नसतेच. एखाद्या संस्थेने आधी केलेल्या लसीचा खर्च मागितला तर तो रास्त आहे. पावती आणि लसीचं कार्ड मागून घ्या.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर

आजीची भीती रास्त आहे. रेबीज पिल्लालाही होतो, अगदी तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लालाही, आणि त्याची आई कोण, तिला काय झालं होतं हे तुम्हाला माहीत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून हे नियम पाळा: पिल्लाला तोंड चाटू द्यायचं नाही, अंगावर जखम असलेल्याने त्याला हाताळायचं नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला त्याच्याजवळ एकटं सोडायचं नाही.

दात लागला किंवा नखाने रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका, पट्टी बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा: गोंदियात केटीएस रुग्णालय, तिरोड्यात उपजिल्हा रुग्णालय, इतर तालुक्यांत ग्रामीण रुग्णालय. सरकारीत लस मोफत आहे. त्वचेत टोचायची असेल तर चार भेटी पडतात: पहिला दिवस, मग ३, ७ आणि २८ वा. खासगीत स्नायूत देतात, त्या पाच मात्रा. एकेकीला साधारण साडेतीनशे-चारशे रुपये, टोचण्याची फी वेगळी. रक्त निघालेली जखम असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं. खासगीत त्याला काही हजार मोजावे लागू शकतात, म्हणून ‘सीरम आहे का?’ हे निघण्यापूर्वी फोनवर विचारा.

‘पिल्लू दहा दिवस बघू, मग लस घेऊ’ हा सल्ला जिवावर बेततो. लस लगेच सुरू करायची. दहा दिवसांनी पिल्लू ठणठणीत असलं तर पुढच्या मात्रांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात.

घरात भीती जास्त असेल तर सगळ्यांनी आधीच तीन मात्रा घेऊन ठेवता येतात: पहिला दिवस, ७ वा, आणि २१ वा किंवा २८ वा. पुढे कधी चावा झालाच तर दोन मात्रांत भागतं आणि सीरम लागत नाही. पाच जणांच्या घराला हा खर्च पाच-सहा हजारांवर जातो. आवश्यक नाही, पण त्यामुळे आजीला झोप लागणार असेल तर मी तो वायफळ म्हणणार नाही.

पहिले पंधरा दिवस

पिल्लाला घरभर फिरू देऊ नका. व्हरांडा, न्हाणीघराचा कोपरा, जिना, कुठलीही धुता येणारी जागा निवडा. खाली धुऊन उन्हात वाळवलेला बारदाना किंवा जुनी चादर घाला. तणीस मऊ असली तरी टाळा. तिच्यात गोचीड-पिसू लपतात आणि ती धुता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाची थंडी बऱ्याचदा विदर्भात सगळ्यांत कडक असते, तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. आंघोळ पहिल्या आठवड्यात नको, ओल्या फडक्याने पुसा.

हे वेगळं ठेवणं पार्व्हो या विषाणूच्या रोगासाठी आहे. पार्व्होची लागण आधीच झालेली असेल तर लक्षणं साधारण आठवडाभरात, कधी दोन आठवड्यांत दिसतात: खाणं सुटतं, उलट्या होतात, रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब लागतात. एक दिवसही थांबू नका. पाच-सात दिवस सलाइन लागतं, रोजचे ८०० ते १५०० रुपये. लहान पिल्लाच्या बाबतीत उशीर म्हणजे पिल्लू हातचं जाणं. हा विषाणू फिनाईलने मरत नाही आणि मातीत महिनोन्‌महिने राहतो. फरशी आधी साबणाने धुवा, मग सोडियम हायपोक्लोराइटचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओली ठेवा. त्यात फिनाईल किंवा अॅसिड मिसळू नका. अंगणात पूर्वी एखादा कुत्रा पार्व्होने गेला असेल तर लसी पूर्ण होईपर्यंत नवं पिल्लू तिथे आणूच नका.

कुठे जायचं, काय न्यायचं

पर्याय तीन. पहिला, तालुक्याच्या ठिकाणचं सरकारी पशुचिकित्सालय किंवा जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना. पाटीवर श्रेणी पाहा: श्रेणी १ मध्ये पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, श्रेणी २ मध्ये सहसा पदविकाधारक. कुत्र्याची लस आणि प्रमाणपत्र यासाठी श्रेणी १ गाठा. केसपेपर नाममात्र शुल्कात होतो, दरफलक भिंतीवर असतो, पावती मागायला लाजू नका. मात्र ही यंत्रणा मुळात गाई-म्हशी-शेळ्यांसाठी आहे. कुत्र्याची लस तिथे असेलच असं नाही, बहुधा बाहेरून आणायला सांगतील. लाळ्या-खुरकूताची मोहीम सुरू असली की डॉक्टर गावोगावी असतात, म्हणून सकाळीच जा आणि आधी फोन करा. १९६२ हा पशुसेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे. पिल्लासाठी गाडी दारात येईल अशी आशा धरू नका, पण जवळचा दवाखाना कोणता हे विचारायला तो चालतो.

दुसरा, गोंदिया शहरातले खासगी पशुवैद्यक. तपासणी २०० ते ३०० रुपये. घरी बोलावलं तर वर तीनशे-पाचशे आणि पेट्रोल.

तिसरा, नागपूर: सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय. एक्स-रे, रक्ततपासणी, अवघड शस्त्रक्रिया यासाठी तिथे जा. उपचार खासगीपेक्षा स्वस्त, पण जाणं-येणं महाग: भाड्याची गाडी दिवसाला चार-पाच हजार घेते. रेल्वेने न्यायचं म्हणाल तर विदर्भ एक्सप्रेस काय किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस काय, स्लीपर, थ्री-टियर आणि जनरल डब्यात कुत्र्याला परवानगी नाही. एक तर वातानुकूलित प्रथम श्रेणीची अख्खी केबिन किंवा कूपे घ्या, नाही तर पार्सल कार्यालयात नोंदवून गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. लसीचं कार्ड आणि पशुवैद्यकाचं ताजं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पिशवीत लपवून नेलं आणि सापडलं तर सामानभाड्याच्या सहापट वसुली होते. लस न झालेल्या पिल्लाला त्या पेटीत घालू नका, तिच्यात आधी कोण बसून गेलं ते कळत नाही. दोन-तीन घरांनी मिळून गाडी करणं परवडतं.

पहिल्या भेटीला ताजी विष्ठा छोट्या डबीत न्या आणि वजन आधीच करून ठेवा. पिल्लू पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर तोललं तरी चालतं. जंताच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नाही.

लसी: वेळ, भाव आणि गफलती

सहा ते आठ आठवड्यांना पहिली एकत्रित लस, जिला दवाखान्यात ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ म्हणतात. पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. म्हणजे बहुधा तीन, कधी चार. एका मात्रेचे ६०० ते १००० रुपये. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. एका वेळचे २०० ते ४००. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी रेबीजची लस मोफत टोचतात, पण पिल्लाचं वय झालं असेल तर सप्टेंबरची वाट पाहत बसू नका.

जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. वर्षाचे तीनशे-पाचशे रुपये. हे टाळलं तर गोलकृमी मुलांच्या पोटात जातात. अंगणात खेळणारी, हात न धुता खाणारी मुलं असतील तर हा खर्च पिल्लापेक्षा मुलांसाठी समजा.

आता पैसे कुठे गळतात ते पाहा. ‘लस सातशे’ ऐकून जाता आणि बिल अकराशेचं होतं: टोचण्याची फी, सिरिंज, कार्ड, तपासणी वेगवेगळी लागते. ‘सगळं मिळून किती?’ असंच विचारा. तिन्ही मात्रांचे पैसे आगाऊ देऊ नका. कॅल्शियमचं सिरप, लिव्हर टॉनिक, केसांची चमक अशा दोनशे-चारशेच्या बाटल्या बिलात शिरतात. पोटभर खाणाऱ्या पिल्लाला त्या सहसा लागत नाहीत, आणि कॅल्शियम जास्त झालं तर वाढत्या हाडांना अपाय होतो. ‘हे नाही दिलं तर काय होईल?’ असं सरळ विचारा.

बाटलीवरची छापील किंमत आणि मुदत स्वतः वाचा. बाटलीवरचं स्टिकर तुमच्या कार्डावर चिकटलं पाहिजे, खाली डॉक्टरची सही, नोंदणी क्रमांक आणि पुढची तारीख हवी. स्टिकर नसलेलं कार्ड रेल्वेत, नागपुरात आणि चाव्याच्या भांडणात, कुठेच चालत नाही. लस मेडिकलमधून आणायला सांगितली तर ती २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. मे महिन्याच्या ४४ अंशांत प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेली लस म्हणजे पैसे देऊन घेतलेलं पाणी. थर्मासमध्ये बर्फ घालून न्या. आणि ताप असलेल्या, जुलाब लागलेल्या पिल्लाला लस टोचू देऊ नका.

हे जुगाड करू नका

खरूज झाली म्हणून गाडीचं जळकं ऑईल चोपडतात. पिल्लू ते चाटतं, विषबाधा होते, यकृत-मूत्रपिंड जातं. रॉकेल, फिनाईल, डांबराच्या गोळ्या, सगळं त्याच माळेतलं. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध कमी पाणी घालून लावणं हा आपल्याकडचा आवडता शॉर्टकट. दोन किलोच्या पिल्लाला तो मारतो. गोचिडांसाठी पिल्लाच्या वयाला आणि वजनाला चालेल अशी गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब डॉक्टरकडून लिहून घ्या, वर्षाचे हजार ते अडीच हजार. एवढे नसतील तर रोज चिमट्याने गोचीड काढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. कष्टाचं आहे, पण फुकट आहे. माणसाची ताप-दुखण्याची गोळी अर्धी करूनसुद्धा देऊ नका.

धानाच्या जिल्ह्यात आणखी एक धोका: कोठारात उंदरांसाठी ठेवलेलं औषध आणि बांधावर पडलेल्या फवारणीच्या बाटल्या. पिल्लू घरी येण्यापूर्वी त्या उचला.

खाणं आणि रात्र

गाईचं दूध बहुतेक पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि तुम्ही पार्व्हो समजून धावता. भात, उकडलेलं अंडं, थोडं दही, बिनमसाल्याची शिजलेली कोंबडी द्या, हाडं काढून. महिन्याला हजार ते अठराशेत भागतं. नुसता वरण-भात पुरत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे नको. म्हणजे उरलेली भाजी-रस्साही नको. पॅकेटचं खाद्य घ्यायचं तर पिल्लांसाठीचं घ्या, बंद पॅकेट घ्या; सुटं किलोवर मिळणारं स्वस्त खाद्य कधीचं आहे ते कळत नाही.

नवेगाव-नागझिऱ्याच्या आजूबाजूच्या गावांत, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव पट्ट्यात राहत असाल तर रात्री पिल्लू घरात घ्या. अंगणात बांधलेला कुत्रा बिबट्याला आमंत्रण आहे, आणि बिबट्या दारापर्यंत आला की धोका फक्त कुत्र्याला नसतो. बंद दाराचा गोठा किंवा पडवी नसेल तर अशा गावात कुत्रा पाळूच नये, असं माझं मत आहे. मोठा झाल्यावर त्याला जंगलात मोकळा सोडू नका. डिस्टेंपरसारखे रोग तो तिकडे नेतो.

कागद

रस्त्यावरचं पिल्लू घ्यायला स्टॅम्प पेपर लागत नाही. ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला पाचशे देऊ नका. साध्या कागदावर तारीख, जागा, नर की मादी, रंग-खुणा लिहा, फोटो चिकटवा, देणारा कुणी असेल तर त्याची सही घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटका कुत्रा दत्तक घ्यायला स्थानिक पालिकेकडे अर्ज करण्याची सोय आहे. त्या कुत्र्याला खूण लावतात आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची. गोंदिया, तिरोड्यासारख्या गावी नगरपरिषदेत, इतर तालुक्यांच्या गावी नगरपंचायतीत परवाना आणि शुल्क याची चौकशी करा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि लसीचं कार्ड सोबत असू द्या. पावतीशिवाय शुल्क देऊ नका. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर.

नसबंदी साधारण सहा महिन्यांनंतर, खासगीत चार ते आठ हजार. मादीला जास्त लागतात. या दरात भूल, टाके काढणं, गळ्याचा शंकू आणि नंतरची औषधं आहेत का ते विचारा. पालिकेची नसबंदी मोहीम रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी असते. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे पाळीव कुत्र्याची नसबंदी आणि लस हा मालकाचा खर्च. मादी घेतली आणि हे पुढे ढकललं तर वर्षभरात पाच-सहा पिल्लांचा हाच हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

जमलंच नाही तर

घराचं अजून ठरत नसेल तर पिल्लू तीन आठवड्यांसाठी ‘सांभाळायला’ घ्या आणि तसं मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. या काळात जंताचं औषध आणि पहिली लस करून घ्या, एक हजार-दीड हजार जातील. मग नको वाटलं तरी लसीचं कार्ड असलेल्या पिल्लाला घर मिळणं सोपं जातं. ज्याला द्याल त्याचं अंगण बघून या; ‘शेतावर राखणीला हवं’ म्हणणारा रात्री ते कुठे बांधणार, हे विचारा.

आणि ठेवायचं ठरलं, पण हात आखडता असेल तर खर्चाचा क्रम असा लावा: आधी जंताचं औषध, मग एकत्रित लस, मग रेबीज, मग गोचीड, मग नसबंदीसाठी महिन्याला पाचशे बाजूला. नक्षीचा पट्टा, गादी आणि स्टीलची जोडभांडी सगळ्यांत शेवटी. घरातली जुनी वाटी पहिलं वर्ष आरामात काढते.